दारातून बाहेर येणारा डॉक्टर

आभाळ तीन दिवस तोंड फुगवून बसलं होतं. धड बरसत नव्हतं, धड उघडत नव्हतं. दोरीवरचा टॉवेल संध्याकाळी काढायला जावं तर तो सकाळपेक्षा जड लागायचा. असल्या हवेत शहाणं माणूस पांढरा कपडा भिजवत नाही. पण डॉक्टर सकाळी साडेसहाला न्हाणीघरात स्टुलावर बसून कोटाची कॉलर घासत होते. कॉलरच्या आतल्या बाजूला मेकअपची तांबूस पट्टी बसते, ती मशीनने जात नाही. शिवाय मशीनमध्ये कोट टाकायची त्यांना परवानगी नव्हती. मशीनमध्ये सिस्टरचे गणवेश जायचे.

“खऱ्याबरोबर खोटं धुवायचं नाही,” असा सिस्टरचा नियम होता आणि तो लग्नाच्या चौथ्या वर्षापासून एकदाही मोडला गेला नव्हता.

डॉक्टर म्हणजे हिंदी सिनेमातले डॉक्टर. ऑपरेशनच्या खोलीवरचा लाल दिवा विझतो, दार उघडतं, पांढऱ्या कोटातला एक माणूस बाहेर येतो, चष्मा काढतो, मान हलवतो आणि हिरोची आई मटकन खाली बसते. तो माणूस म्हणजे हे. एक्केचाळीस सिनेमांत ते असे दारातून बाहेर आले होते आणि त्यांच्याच हिशेबाने त्यांच्या हातून अडतीस माणसं दगावली होती. उरलेली तीन वाचली, पण त्यांतली दोन मध्यंतरानंतर गोळी लागून गेली. “माझ्यावर केस कशी झाली नाही अजून, हेच नवल,” असं ते स्वतःच सांगायचे.

सिस्टर म्हणजे त्यांची बायको. एका खऱ्याखुऱ्या इस्पितळात तीस वर्षं काढलेली, आता वॉर्डची मुख्य नर्स.

“बाराचा शो आहे. सव्वाअकराला निघायचं,” सिस्टर ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या. “मी अर्धा दिवस रजा टाकलीय. नंतर कारणं नकोत.”

डॉक्टरांचा ब्रश कॉलरवर थांबला.

“अगं, पण हवा बघ कशी आहे.”

“थिएटरला छप्पर असतं.”

“आत एसी फार असतो. तुझं डोकं चढतं.”

“मी शाल घेतलीय,” सिस्टर म्हणाल्या. “बावीस वर्षांनी तुमचा सिनेमा बघायला निघालेय, अहो डॉक्टर. आता प्रिस्क्रिप्शन लिहून दिलंत तरी थांबणार नाही.”

बावीस वर्षांनी त्या निघाल्या होत्या, कारण या सिनेमात नवऱ्याच्या अंगात कोट नव्हता. पहिल्यांदाच नव्हता. या सिनेमात ते दाराबाहेर बाकावर बसलेले होते. वाट बघणारा बाप. पूर्ण तीन मिनिटांचा सीन. पण त्या तीन मिनिटांत त्यांचा चेहरा कुठेही दिसत नाही, ही गोष्ट डॉक्टरांना डबिंगच्या दिवसापासून ठाऊक होती. सिस्टरला ठाऊक नव्हती. सहा महिने ते सांगायचं म्हणत होते आणि सहा महिने काही ना काही निघत होतं. आता सांगायला पाच तास उरले होते आणि ते कॉलर घासत बसले होते.

*

तसे डॉक्टर जन्मापासून डॉक्टर नव्हते. सव्विसाव्या वर्षी ते हिरोचे मित्र होते. सिनेमा चालला. पोस्टरवर डाव्या कोपऱ्यात, खाली, निर्मात्याच्या नावाला टेकून त्यांचा चेहरा होता, सुपारीएवढा. पण होता. त्या सिनेमात मोटारसायकलवरचं एक गाणं होतं. हिरो चालवतोय, हे मागे बसून हात पसरतायत. मोटारसायकल चालत नव्हती. ती ट्रॉलीवर दोरखंडांनी बांधलेली होती आणि ट्रॉली दुसरी गाडी ओढत होती. शॉट संपला, ट्रॉली थांबली, सगळे चहा प्यायला गेले आणि हे एकटेच मागच्या सीटवर उभे राहून पुढच्या कडव्याची तालीम करायला गेले. पडले. घोट्याला दोन ठिकाणी मार आणि एक खांदा निखळलेला.

इस्पितळात एक नवी नर्स कागद भरत होती.

“गाडी कसली होती?”

“मोटारसायकल.”

“किती स्पीडला होती?”

“उभी होती.”

नर्सने पेन खाली ठेवलं आणि तोंडावर हात धरून ती पडद्यामागे गेली. पाच मिनिटांनी परत आली तेव्हा तिचे डोळे पुसलेले होते. पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं. “माझ्या अभिनयाला मिळालेली ती पहिली खरी दाद,” असं डॉक्टर म्हणायचे. “आणि मी तर अभिनय करतसुद्धा नव्हतो.”

मग त्यांना थेट हिरो केलं. शुक्रवारी सिनेमा लागला. शनिवारी हे टोपी आणि काळा चष्मा घालून बघायला गेले, गर्दीने अंगावर येऊ नये म्हणून. थिएटरात अकरा माणसं होती. मध्यंतरात यांनी चष्मा काढला. कुणी बघितलं नाही. टोपी काढली. शेवटी जिन्यात उजेडाखाली जाऊन उभे राहिले. दारावरचा माणूस म्हणाला, “साहेब, टोपी घाला नाहीतर काढा, पण वाट सोडा.” सोमवारी सिनेमा उतरला.

त्यानंतर दोन वर्षं ते फोनशेजारी बसून होते. फोन यायचे, ते सिस्टरच्या इस्पितळाचे. मग एका सिनेमात एका दिवसाचं काम आलं, डॉक्टरचं. छोट्या भूमिकेला कंपनी कपडे देत नाही, आपले आपण आणायचे असतात. यांनी हौसेने नवा कोट शिवून घेतला. माणसं गोळा करून देणाऱ्या एजंटाने आपल्या वहीत यांच्या नावापुढे लिहून टाकलं, ‘कोट आहे’. तिथून पुढे डॉक्टर लागला की वही उघडायची आणि यांना फोन जायचा.

“माझ्यात अभिनय आहे असं कुणी कुठे लिहून ठेवलं नाही,” ते सांगायचे. “कोट आहे एवढं मात्र पक्क्या शाईत लिहिलं.”

वेगळं काही मिळालं नाही असं नाही. एका मालिकेत ते आजोबा होते. बऱ्यापैकी रागीट आजोबा. विसाव्या भागात जिन्यावरून पडले आणि बेशुद्ध झाले. लेखकाला पुढचं सुचत नव्हतं म्हणून ते बेशुद्धच राहिले, अकरा महिने. रोज नऊ वाजता जायचं, नाकात नळी लावून घ्यायची, पडायचं. सुना त्यांच्या अंगावरून भांडायच्या. त्या अकरा महिन्यांत देशाने त्यांना जितकं बघितलं तितकं आधी किंवा नंतर कधी बघितलं नाही. भाजी घेताना एक बाई म्हणाली, “तुम्हाला कुठेतरी बघितलंय हो.” डॉक्टरांनी पिशवी खाली ठेवली, मान एका बाजूला टाकली आणि डोळे मिटले. “अगंबाई, आजोबा,” ती बाई म्हणाली. मग शुद्धीवर आले तेव्हा घरच्यांनी त्यांना उपचारांसाठी परदेशी पाठवलं, ते अजून परतलेले नाहीत.

पण कोट काही सुटला नाही. बिल्डिंगमध्येही त्यांना कुणी नावाने हाक मारीत नसे. खालच्या मजल्यावरच्या काकू तर चक्कर आली की आधी यांचं दार वाजवायच्या. “काकू, सिस्टर घरात आहे, ती बघेल,” हे म्हणायचे. “तिला त्रास कशाला देता, तुम्हीच बघा,” काकू म्हणायच्या आणि मनगट पुढे करायच्या. डॉक्टर मनगट धरायचे, घड्याळाकडे बघायचे आणि गंभीर चेहऱ्याने मान हलवायचे. काकूंना तेवढ्याने बरं वाटायचं. चक्कर मात्र सिस्टर आल्यावर उतरायची.

सिस्टरने सिनेमे बघणं सोडलं त्याचं कारण स्टेथोस्कोप. लग्नानंतर सात-आठ वर्षांनी एका मोठ्या सिनेमात डॉक्टरांना एक लांब सीन मिळाला होता. सिस्टर मोठ्या अभिमानाने अख्खा वॉर्ड घेऊन गेल्या. आया, कंपाउंडर, दोन शिकाऊ डॉक्टरसुद्धा. पडद्यावर डॉक्टर वाकले, हिरोइनच्या छातीला नळी लावली, भुवया आक्रसून ऐकत राहिले आणि म्हणाले, “धड़कन बहुत कमज़ोर है.” नळीची दोन्ही टोकं त्यांच्या गळ्यात लोंबत होती. कानात घालायची राहून गेली होती. थिएटरात एकच रांग हसली, वॉर्डची. पुढे कितीतरी महिने इस्पितळात कुणाला ऐकू कमी आलं की म्हणायचे, “सिस्टर, तुमच्या मिस्टरांना बोलवा, ते कानाशिवाय ऐकतात.”

“पुन्हा नाही,” सिस्टर त्या दिवशी म्हणाल्या होत्या. “तुम्ही कोट काढाल त्या दिवशी येईन.”

*

गेल्या वर्षी फोन आला तो दिग्दर्शिकेचाच. मध्ये कुणी एजंट नाही. तिशीतली मुलगी, दुसराच सिनेमा तिचा.

“काका, एक सीन आहे. इस्पितळातला.”

“कोट धुतलेला आहे. कधी येऊ?”

“कोट नकोय. डॉक्टर दुसरा आहे. तुम्ही बाहेर बसलेले आहात. बाप. मुलगी आत आहे.”

डॉक्टर बूट घालत होते ते एक बूट घालून तसेच खाली बसले. “पण मग,” ते म्हणाले, “दारातून बाहेर कोण येणार?”

सीनचे कागद आले. अडीच पानं. मुलीसाठी डबा घेऊन आलेला बाप बाकावर बसलाय. डॉक्टर बाहेर येऊन सांगतो, ती गेली. बाप ओरडतो, भिंतीवर डोकं आपटतो, डॉक्टरची कॉलर धरतो. आपले डॉक्टर खूश होते. कॉलर धरायला मिळणार म्हणजे काय. आजवर त्यांची इतक्या जणांनी धरली होती.

सिस्टरने चष्मा लावून अडीच पानं वाचली.

“असं कुणी करत नाही,” त्या म्हणाल्या.

“सिनेमात करतात.”

“सिनेमात तुम्ही कानाशिवायपण ऐकता.” त्यांनी कागद खाली ठेवले. “तुम्ही लोक डॉक्टरला दारात उभं करता. खरा डॉक्टर उभ्याने सांगत नाही. बाकावर शेजारी बसतो. आधी विचारतो, तुम्हीच वडील ना? चुकीच्या माणसाला सांगितलं तर काय घ्या. आणि चष्मा कोण काढतं? उलट सांगताना त्याला नीट दिसायला हवं असतं, समोरचा पडला तर धरता यावं म्हणून.”

“आणि समोरचा? तो काय करतो?”

सिस्टरने कागदांची घडी घातली. त्या वॉर्डातलं घरी आणायच्या नाहीत. हात धुतले की विषय धुतला.

“एक होता,” त्या म्हणाल्या. “मी नवी होते तेव्हा. त्याची मुलगी आठ दिवस होती आमच्याकडे. रोज डबा घेऊन यायचा, ती खात नव्हती तरी. त्याला डॉक्टरांनी सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मान हलवली, समजल्यासारखी. आणि विचारलं, मग हा डबा परत नेऊ का? बस. तेवढंच.”

“मग?”

“मग काय. नेला.” आणि त्या दुधाखालचा गॅस बघायला गेल्या.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी दिग्दर्शिकेला फोन केला. तिने ऐकलं आणि सांगितलं, कागद फाडून टाका काका, हेच करायचं.

रात्री सिस्टर सहज बोलल्यासारखं बोलल्या. “हे केलंत तर मी येईन बघायला.”

आयुष्यात डॉक्टरांनी भरपूर कामं केली होती, पण घरातल्या बाईने बघायला यावं म्हणून केलेलं हे पहिलंच. तालमीला समोर कुणीतरी डॉक्टर हवा म्हणून त्यांनी काकूंना बसवलं.

“काकू, तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं, तुमची मुलगी गेली.”

“मी नाही बाई असलं अभद्र बोलणार.”

“अहो, खोटं आहे.”

“खोटं असलं म्हणून काय झालं? तुमच्या तोंडावर बोलू?” काकूंनी पदर सारखा केला आणि प्रेमाने म्हणाल्या, “बरी आहे हो तुमची मुलगी. उद्या घरी न्या.”

तीन दिवस डॉक्टरांनी मुलगी बरी झाल्याच्या बातमीवर शोक करायची तालीम केली.

*

शूटिंग होतं एका बंद पडलेल्या इस्पितळाच्या मागच्या भागात. परवानगी पाचपर्यंत. पाच वाजता चौकीदार येऊन कुलूप घालणार, आणि तो चौकीदार सकाळपासून किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन खुर्चीवर बसलेलाच होता. डॉक्टरांनी डबा घरचाच नेला होता, सिस्टरचा, झाकणाला पोचा आलेला.

आधी लांबून शॉट झाला. मग डॉक्टर झालेल्या नटाचा चेहरा घ्यायचा होता, म्हणजे कॅमेरा बापाच्या पाठीमागून, आणि सगळ्यात शेवटी बापाचा चेहरा.

नवा डॉक्टर पोरगेला होता, पिळदार दंडांचा, कोट दंडावर ताणलेला. तो बाहेर आला, थांबला, चष्मा काढला आणि मान हलवली.

“कट,” दिग्दर्शिका म्हणाली. “चष्मा का काढतोयस?”

“मॅडम, ते आपोआप होतं. लहानपणापासून बघत आलोय ना.” त्याने डॉक्टरांकडे बघून हात जोडले. “सरांचंच बघून शिकलोय.”

सगळं युनिट हसलं. डॉक्टरपण हसले. आपलं पाप असं पांढऱ्या कोटात समोरून चालत येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

आठ वेळा शॉट झाला, आठ वेळा बिघडला. चष्मा सोडला तर मान हलायची, मान सोडली तर नुसता खांबासारखा उभा राहायचा. साडेतीन वाजले. दिग्दर्शिका घड्याळ बघायला लागली. डॉक्टरांनी त्या पोराला बाजूला घेतलं आणि सिस्टरने सांगितलेलं सगळं सांगितलं. शेजारी बस. आधी विचार, तुम्हीच वडील ना. माझा हात धरू नकोस, पण धरावा लागेल असा बस.

या धंद्यात एक गोष्ट डॉक्टर प्रत्येक नव्या माणसाला हमखास सांगायचे. कॅमेरा दुसऱ्याच्या तोंडावर असेल तेव्हा आपण फक्त शब्द द्यायचे, जीव द्यायचा नाही. जीव आपल्या शॉटसाठी राखून ठेवायचा. पोरांना ते हे इतकं घोळवून सांगायचे की ती हळूच चहाला सटकायची.

नवव्या वेळी पोरगा येऊन शेजारी बसला. “आप ही पिताजी हैं ना?” असं त्याने इतक्या हळू विचारलं की डॉक्टर कॅमेरा विसरले. तो पुढचं बोलला. डॉक्टरांनी मान हलवली, समजल्यासारखी. मांडीवरच्या डब्याच्या कडीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “तो फिर... ये डिब्बा वापस ले जाऊँ?”

पोराच्या तोंडाचा रंग गेला. त्याला पुढचं वाक्य होतं, ते त्याला आलं नाही. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. डॉक्टर उठले, डबा घेतला आणि कॅमेऱ्याकडे पाठ ठेवून व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेले. कुणी कट म्हटलंच नाही. शेवटी वाट संपली म्हणून ते थांबले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. वळून बघितलं तर लाइटवाला नाक पुसत होता. चौकीदाराच्या किल्ल्या वाजायच्या थांबल्या होत्या.

“काय केलंत काका,” दिग्दर्शिका म्हणाली. “हेच, असंच, आता तुमच्यावर.”

तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आलं. राखून ठेवायचं सगळं सांडून झालं होतं.

कॅमेरा फिरवून दिवे लावेपर्यंत साडेचार झाले. पहिल्या वेळी त्यांनी बातमी ऐकली, मान हलवली, आणि मग पंचवीस वर्षांच्या सवयीने हात आपोआप वर गेला. त्यांनी चष्मा काढला.

“काका, चष्मा,” दिग्दर्शिका हळूच म्हणाली.

दुसऱ्या वेळी चष्मा काढायचा नाही, चष्मा काढायचा नाही, एवढंच डोक्यात राहिलं. वाक्य तोंडातून आलं ते एखाद्याला तारीख विचारावी तसं. तिसऱ्या वेळी रडले. ते तर फारच वाईट होतं, त्यांना रडता रडताच कळलं. पाचला दहा कमी असताना चौकीदार उठून उभा राहिला.

“मिळालं काका, मिळालं,” दिग्दर्शिका म्हणाली आणि तिने त्यांचा खांदा दाबला. मनासारखा शॉट मिळाला की माणूस टाळ्या वाजवतो. खांदा दाबतात ते वेळ संपल्यावर. एवढं डॉक्टरांना कळत होतं.

घरी सिस्टरने विचारलं, “कसं झालं?”

“सगळे रडले,” डॉक्टर म्हणाले. खोटं नव्हतं. मग डबिंगला गेले तेव्हा पडद्यावर पोराचा चेहरा होता आणि चौकटीच्या डाव्या बाजूला एक कान, अर्धा खांदा आणि पाठ. स्वतःच्या पाठीला आवाज देऊन ते परत आले.

*

सव्वाअकराला सिस्टर शाल घेऊन दारात उभ्या होत्या. कोट पिळून गॅलरीत टांगला होता, त्याच्या खिशाच्या टोकातून थेंब पडत होते. डॉक्टरांनी कुलूप लावलं, काढलं, गॅस बंद आहे का बघून आले, पुन्हा कुलूप लावलं.

“अगं, एक सांगायचं होतं,” ते जिन्यात म्हणाले.

“सिनेमा सुरू झाल्यावर बोलू नका. लोक ओरडतात,” सिस्टर म्हणाल्या आणि पुढे उतरल्या. खाली काकूंनी विचारलं, “सिस्टर, मुलगी वाचते ना शेवटी?” सिस्टर म्हणाल्या, “बघून सांगते.”

थिएटरात पंचवीसेक माणसं होती. अकरापेक्षा जास्त, डॉक्टरांनी मोजलं. तो सीन मध्यंतराच्या थोडा आधी आला. व्हरांडा आला. बाक आला. पोरगा येऊन बसला. त्याचा चेहरा पडद्याभर होता, आणि चेहऱ्यावर खरं काहीतरी होतं, हे कबूल करावंच लागलं. मग कान. खांदा. सिस्टरने मान थोडी तिरकी केली, कोपऱ्याभोवती बघता येतंय का असं बघत. डॉक्टर खुर्चीत बोटभर खाली सरकले. डब्याचं वाक्य आलं. पोराचं तोंड उघडलं आणि मिटलं. मग ती पाठ उठली आणि डबा घेऊन व्हरांड्यातून चालत चालत लहान होत गेली. सीन संपला. चेहरा आला नाही तो नाहीच.

मध्यंतरात सिस्टर शाल गुंडाळून बसून राहिल्या. बाहेर पडल्यावर त्यांनी शाल घडी करून पिशवीत टाकली. डॉक्टरांना आता राहवलं नाही.

“माझा चेहरा घेतला होता त्यांनी. मीच घाण केली. चष्मा काढला.”

“काय?”

“चष्मा काढला गं. माझ्या शॉटला. जीव सगळा त्या पोराच्या शॉटमध्ये घालून बसलो, आणि माझ्यावर कॅमेरा आला तेव्हा नुसता चष्मा उरला होता हातात. सहा महिने सांगेन सांगेन म्हणतोय. तुझी अर्धी रजा फुकट गेली.”

सिस्टर हसायला लागल्या. आधी नाकातून, मग थांबेनाच. फुटपाथवर एका बंद दुकानाच्या पायरीवर त्यांना टेकावं लागलं. मोटारसायकल उभी होती म्हणाले तेव्हा त्या असंच हसल्या होत्या, पडद्यामागे जाऊन. डॉक्टर शेजारी उभे राहिले, ओळखीचं कुणी येतंय का बघत.

“त्या डॉक्टरने बरं केलं,” सिस्टर डोळे पुसत म्हणाल्या.

“त्याला मी शिकवलं.”

“तुम्हाला कुणी शिकवलं?”

“ते आहेच म्हणा.”

काही पावलं त्या पुढे चालल्या. मग म्हणाल्या, “तो माणूस खरा आला होता ना, डबावाला. तेव्हा मी त्याच्या मागे होते, टेबलाशी. मला त्याचा तेव्हाचा चेहरा आठवतच नाही. मी बघितलाच नव्हता. पाठच बघितली होती.” रस्ता ओलांडायला त्यांनी डॉक्टरांच्या दंडाला धरलं. “तशीच होती. खांदा असाच एक खाली.”

“माझा खांदा पडल्यापासून खाली आहे. मोटारसायकलवरून.”

“माहितीये मला. मीच कागद भरला होता.”

डॉक्टरांना काहीतरी मोठं बोलावंसं वाटलं. पंचवीस वर्षांत तोंडपाठ झालेली जी वाक्यं होती, ती सगळी कुणाच्या तरी मरणाची होती, म्हणून त्यांनी नुसता खांदा सरळ करून बघितला.

“शर्टाला मागे इस्त्री नव्हती मात्र,” सिस्टर म्हणाल्या. “लोक मला म्हणतील.”

घरी आले तर काकू पायरीवरच होत्या. “काय झालं मुलीचं?” सिस्टरने मान हलवली. काकूंनी डॉक्टरांकडे अशा नजरेने बघितलं की जणू यांच्याच हातून गेली.

चार वाजता एजंटाचा फोन आला. उद्या सकाळी सात, स्टुडिओचं मागचं फाटक, डॉक्टर, एक वाक्य. पेशंट वाचत नाही. कोट आपला.

“माझं बघितलंत का नवीन?” डॉक्टरांनी विचारलं.

“कशात?” एजंट म्हणाला. “बरं, कोट पांढरा आहे ना? मागच्या वेळी पिवळट दिसला.”

गॅलरीतला कोट अजून ओलाच होता. आभाळ होतं तसंच होतं. डॉक्टरांनी कोट काढून आत आणला, टेबलावर चादर अंथरली, इस्त्री तापत ठेवली. दुसरं बटण निघून आलं होतं, धुताना ओढलं गेलं असावं.

“मशीनमध्ये टाकला असता तर तुटलं नसतं,” ते मोठ्याने म्हणाले.

“टाका पुढच्या वेळेला,” सिस्टर आतून म्हणाल्या. “वेगळा. माझे कपडे झाल्यावर.”

डॉक्टरांनी दोरा ओवायला सुई उजेडाकडे धरली. भोक दिसेना, तेव्हा चष्मा काढला, काचा शर्टाला पुसल्या, परत लावला. दोरा गेला. बटण लावून झालं. मग त्यांनी इस्त्रीच्या बुडाला ओलं बोट लावून बघितलं, चर्र झालं, आणि ओल्या कोटाच्या पाठीपासून सुरुवात केली. वाफ वर आली तशी ते मान मागे घेत राहिले.